जोडथर (दुमजली सेंद्रिय सौर घटातील)

एकावर एक रचलेल्या दोन सेंद्रिय सौर घटांना एकसर जोडणीत बांधणारा, प्रकाश शक्यतो न अडवणारा पातळ थर. एका घटातले इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्यातल्या पोकळ्या (धन प्रभारवाहक) येथे भेटून संपतात. हे बिनतोटा घडले तर दोन्ही व्होल्टतांची बेरीज मिळते. प्रवाह मात्र कमी देणाऱ्या घटाइतकाच. थरात अडथळा असला तर प्रवाह-व्होल्टता आलेखाला ‘एस’सारखा बाक येतो.

इतिहास : ओसाका विद्यापीठात हिरामोतो व सहकाऱ्यांनी 1990 मध्ये दोन घटांमध्ये जेमतेम 2 नॅनोमीटर सोने बसवले, व्होल्टता 0.44 वरून 0.78 व्होल्टवर गेली. याकिमोव्ह व फॉरेस्ट यांनी 2002 मध्ये चांदीचे सूक्ष्म पुंजके वापरले.

रसायन : खरी अडचण द्रावणातून थर चढवताना येते. वरच्या थराचे विद्रावक झिरपले तर खालचा थर विरघळतो, म्हणून जोडथर घट्ट विणीचा लागतो. नेहमीची जोडी म्हणजे झिंक किंवा टायटॅनियम ऑक्साइड आणि पेडॉट:पीएसएस हे वीजवाहक बहुवारिक. हे दुसरे द्रव्य पाण्यातले, त्यामुळे तेलकट पृष्ठावर पसरत नाही, गोळा होते. शिवाय तीव्र अम्लधर्मी असल्याने झिंक ऑक्साइड खाते. आइंडहोव्हनच्या यान्सेन गटाने 2007 मध्ये उदासीन पेडॉट वापरून वाट काढली, पण मग झिंक ऑक्साइडला अतिनील प्रकाश दाखवावा लागला. त्याच वर्षी हीगर यांच्या गटाने टायटॅनियम ऑक्साइडच्या जोडथराने 6.5 टक्के कार्यक्षमता गाठली; चीनमध्ये 2022 साली ती 20.2 टक्क्यांवर गेली. अशा विक्रमांचे श्रेय सहसा प्रकाशशोषक रेणूंना मिळते, हे पुरते न्याय्य नाही.

महाराष्ट्र : मुंबई आयआयटीतील राष्ट्रीय प्रकाशविद्युत् संशोधन केंद्रात (स्थापना 2010) पेरोव्हस्काइट-सिलिकॉन दुमजली घटांवर काम होते. तेथील चार अग्रांच्या रचनेत दोन्ही घटांची वीज वेगवेगळी काढतात, त्यामुळे जोडथर लागतच नाही. सेंद्रिय घटांच्या कच्च्या मालाचा धागा मात्र रायगडात सापडतो. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्ये बनतात. थॅलोसायनाइन या निळ्या-हिरव्या रंगद्रव्यांच्या कुळातलेच एक द्रव्य हिरामोतोंच्या घटात होते. अर्थात शाईचा किंवा रंगाचा माल घटाला चालत नाही. निर्वातात संप्लवनाने तो पुन्हा शुद्ध करावा लागतो.

उपयोग : ड्रेस्डेनच्या हेलियाटेक कंपनीच्या लवचीक सौर पट्ट्या.