एकाच टीममध्ये खेळताना शस्त्रांचा ‘बॅलन्स’ कशाला हवा?

चौघे मित्र एकाच बाजूने लढतायत. समोरचे शत्रू कॉम्प्युटर चालवतोय. मग एखादी बंदूक जरा जास्तच ताकदवान असली तर बिघडलं कुठे? उलट सगळ्यांचाच फायदा! को-ऑप गेम खेळणारे अनेकजण असंच म्हणतात. पण ‘हेलडायव्हर्स २’ या गेममध्ये २०२४ साली जे झालं, त्यावरून हे प्रकरण इतकं सोपं नसल्याचं दिसतं.

बॅलन्स म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक शस्त्राचा कुठे ना कुठे उपयोग व्हावा आणि कुठलंही एकच शस्त्र सगळीकडे पुरेसं ठरू नये, यासाठी केलेली जुळवाजुळव म्हणजे बॅलन्स. अपडेटमध्ये शस्त्राची ताकद कमी केली की त्याला ‘नर्फ’ म्हणतात, वाढवली की ‘बफ’. नर्फ हा शब्द फोमच्या गोळ्या झाडणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांच्या ब्रँडवरून आला. ज्या शस्त्रांनी हमखास जिंकता येतं, त्या संचाला खेळाडू ‘मेटा’ म्हणतात.

एका बंदुकीचं वर्चस्व

स्वीडनच्या ‘ॲरोहेड’ स्टुडिओचा हा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. यात जास्तीत जास्त चार खेळाडूंची टीम असते. वरच्या लेव्हलला ‘चार्जर’सारखे जाड कवचाचे शत्रू एकामागून एक अंगावर येतात.

त्यांच्यासाठी ‘रिकॉइललेस रायफल’ होती. एकाने दारूगोळा पाठीवर घ्यायचा आणि दुसऱ्याने गोळा डागायचा, अशी दोघांनी मिळून ती झपाट्याने चालवता येते. पण ‘रेलगन’ एकट्यालाही पुरायची. तिच्यासाठी पाठीवर काही न्यावं लागत नसल्याने तिथे संरक्षक शील्ड लावता यायचं. मग जो तो तेच घेऊ लागला. वेगळं शस्त्र घेतलं म्हणून अनोळखी टीममधून काढून टाकल्याच्या तक्रारीही खेळाडूंनी केल्या.

को-ऑपमधली खरी अडचण इथेच आहे. आमनेसामने लढतीत जास्त ताकदवान शस्त्रामुळे समोरचा हरतो. को-ऑपमध्ये आपल्याच मित्राचं काम हिरावलं जातं. एकजणच सगळं उडवू लागला की बाकीचे तिघे नुसते मागे धावतात. चौघांकडे तेच शस्त्र असेल, तर कोणाला कोणाची गरजच उरत नाही.

मग नर्फवर लोक का चिडले?

६ मार्च २०२४ च्या अपडेटमध्ये रेलगन, ‘ब्रेकर’ शॉटगन आणि शील्ड या तिन्हींना कात्री लागली. ब्रेकरच्या मॅगझिनमधल्या गोळ्या १६ वरून १३ झाल्या. मेटा मोडला, पण चार्जर तेवढेच राहिले आणि त्यांना पाडणारे दुसरे पर्याय अनेकांना अपुरे वाटले.

ऑगस्टमध्ये तेच पुन्हा घडलं. ६ ऑगस्टच्या अपडेटमध्ये फ्लेमथ्रोअरचा कवचधारी शत्रूंवरचा प्रभाव घटला आणि दोनच दिवसांनी आगीच्या शस्त्रांचा नवा संच आला! स्टीमवर नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पडला. आपण वेळ देऊन शिकलेली, आवडलेली गोष्टच काढून घेतली जाते, ही खेळाडूंची मुख्य तक्रार होती.

तोडगा काय निघाला?

ॲरोहेडने सुधारणांसाठी ६० दिवसांचा आराखडा जाहीर केला. १७ सप्टेंबरच्या अपडेटमध्ये दिशाच बदलली. रिकॉइललेस रायफलसह बऱ्याच शस्त्रांची ताकद वाढवली आणि शत्रूंच्या कवचातही बदल केले. चार्जर पाडायचे अनेक मार्ग खुले झाल्यावर प्रत्येकाला आपल्या पसंतीचं शस्त्र घेणं परवडू लागलं.

म्हणजे सगळं फक्त वाढवतच जायचं का? तसंही नाही. सगळी शस्त्रं अति ताकदवान झाली तर धोका उरत नाही, आणि धोकाच नसेल तर पडलेल्या मित्राला परत आणायला, त्याच्यासाठी दारूगोळा मागवायला कोणी थांबत नाही. त्यामुळे एखादं शस्त्र सगळेच का वापरतायत, हे आधी पाहावं लागतं. ते खरंच अति ताकदवान असेल तर नर्फ योग्य. पण बाकीची शस्त्रं कुचकामी असल्यामुळे लोक त्याच्याकडे वळले असतील, तर दुरुस्ती त्या बाकीच्या शस्त्रांची करायला हवी.