दोन याद्या, एक गोतावळा

आजच्या इतिहासात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. आज आहे तुमच्या ईमेलमधली पत्त्यांची यादी.

देश सोडताना पुष्कळांनी घरच्या डायरीतून पत्ते उतरवून आणले. मग संगणक आला, नोकरी बदलली, ईमेल बदलला आणि दर वेळी नवी यादी तयार झाली. नव्वदच्या दशकात प्रत्येक प्रोग्रॅम पत्ते आपापल्या पद्धतीने साठवायचा. एकाची यादी दुसऱ्यात न्यायची तर साधा उपाय होता सीएसव्ही फाइलचा, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या माहितीचा. पण पहिला रकाना नावाचा की आडनावाचा, हे बऱ्याचदा आपल्यालाच जुळवून द्यावं लागे. एवढ्या रुळलेल्या या पद्धतीचे नियम इंटरनेटच्या दप्तरात लिहिले गेले ते थेट २००५ साली!

त्याआधी, १९९५ च्या सुमारास, ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या व्हर्सिट या गटाने व्हीकार्ड पुढे आणलं. हे व्हिजिटिंग कार्डाचं संगणकी रूप. त्यात प्रत्येक माहितीआधी ती कशाची आहे हे लिहिलेलं असतं. नावासाठी पाच कप्पे होते: आडनाव, नाव, मधलं नाव, आधीची उपाधी आणि नंतरची उपाधी. आपल्या वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावालाही त्यात जागा मिळाली.

अडचण अक्षरांची होती. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण फाइल कोणत्या पद्धतीने वाचायची हे प्रोग्रॅमला कळलं नाही, की 'मावशी'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहायची. २०११ मध्ये व्हीकार्डच्या चौथ्या आवृत्तीने नियमच केला की अक्षरं यूटीएफ-८ मध्येच असतील.

यादी आणणं असं सोपं होत गेलं. एकत्र करणं मात्र अवघडच राहिलं. प्रोग्रॅम बघतो ते ईमेल, फोन आणि नाव. आता आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. मधल्या नावाचा कप्पा रिकामा असला, तर यंत्राला दोघं एकच वाटू शकतात. काका-काकूंचा ईमेल एकच असला, तर दोघांचं मिळून एक कार्ड होतं. उलट, लग्नानंतर नाव बदललेली आत्तेबहीण दोनदा दिसते. मुंबईचे सात आकडी फोन पुढे २ लागून आठ आकडी झाले. जुना आणि नवा क्रमांक एकाच घराचा, हे तुम्हाला कळतं. यंत्राला दोन वेगळे फोन दिसतात.

चौथ्या आवृत्तीत नातं लिहायचीही सोय आली. गंमत बघा, त्यात 'मनात भरलेली व्यक्ती' यासाठी वेगळा शब्द आहे, पण मामा, काका, आत्या, मावशी सगळे एकाच 'नातलग' शब्दात! त्याच वर्षअखेरीस मृत्यूची तारीख लिहिण्यासाठीही पुरवणी आली. गेलेल्या माणसाचं कार्ड पुसलंच पाहिजे असं नाही, हे मानकालाही पटलं म्हणायचं.

तेव्हा तुम्ही याद्या एकत्र करायला बसाल, तेव्हा आधी प्रत्येक यादीची प्रत वेगळी काढून ठेवा, कारण एकदा मिसळलेली कार्डं पुन्हा निवडणं फार कठीण जातं. पाच-दहा नावं आणून बघा, मराठी अक्षरं नीट दिसली तरच पुढे जा. नुसतं नाव जुळलं म्हणून जोडू नका. फोनला देशाचा संकेतांक लावा. मधलं नाव भरा. 'मामा' किंवा 'आत्या' हे टिपणाच्या रकान्यात आपल्या शब्दांत लिहा. गेलेल्यांचा घरचा फोन लगेच काढू नका. त्या घराशी, तिथल्या मुलाबाळांशी जोडणारा तेवढाच धागा तुमच्याकडे असू शकतो.

आणि शंका आली तर भारतात फोन लावा. कोण कुणाचं, हे सांगणारी आजी किंवा थोरली मावशी पलीकडे आहे, तोवर हे काम उरकून घ्या. यंत्र याद्या जुळवून देईल, पण नाती त्याला कुणीतरी सांगावी लागतात, आणि तुमच्या मुलांनाही.