कून व्हॅली प्रकल्प

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पहिला पाणलोटक्षेत्रीय मृदासंधारण प्रकल्प. विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात मिसिसिपी नदीस मिळणाऱ्या कून क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात तो १९३३ मध्ये सुरू झाला. आर्थिक महामंदीच्या काळातील श्रमशिबिराने ग्रामीण समाजास काय दिले, याचे हा प्रकल्प ठळक उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकात येथे स्थायिक झालेल्या शेतकऱ्यांत नॉर्वेजियनांचा मोठा भरणा होता. त्यांनी प्रथम गहू पिकविला व पुढे दुग्धव्यवसाय स्वीकारला. उतारावरून उभी नांगरट आणि डोंगरउतारांवरील चराई यांमुळे माती वाहून जाऊ लागली, घळी रुंदावल्या व पुराचा गाळ तळच्या शेतांत साचू लागला.

राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये बेकार तरुणांसाठी नागरी संधारण दल स्थापन केले. दलातील तरुणास दरमहा ३० डॉलर वेतन मिळे; त्यांपैकी सामान्यतः २५ डॉलर त्याच्या कुटुंबाकडे पाठविले जात. साधारणपणे एका शिबिरात सु. २०० तरुण असत. ह्यू हॅमंड बेनेट यांच्या मृदाधूप सेवेने कून व्हॅलीतील कामासाठी या दलाचे श्रम उपलब्ध करून दिले.

जमीन खाजगी मालकीची असल्याने शेतकऱ्यांच्या संमतीवाचून काम अशक्य होते. त्यामुळे प्रत्येक शेताचा स्वतंत्र आराखडा तयार करून पाच वर्षांचे करार करण्यात आले. शासनाने श्रम, बियाणे, चुना, कुंपणाची तार व रोपे पुरवावीत आणि शेतकऱ्याने आराखड्यानुसार जमीन कसावी, असे त्यांचे स्वरूप होते. खोऱ्यातील सुमारे निम्मे शेतकरी त्यांत सहभागी झाले. शिबिरातील तरुणांनी घळींत बांध घातले, तीव्र उतारांना कुंपण घालून गुरांना मज्जाव केला व झाडे लावली. शेतांत समपातळीवरील नांगरट व पट्टापेर सुरू झाली. निसर्गसंवर्धक आल्डो लिओपोल्ड यांचेही प्रकल्पास मार्गदर्शन लाभले.

या दलास मर्यादाही होत्या : त्यात स्त्रियांना प्रवेश नव्हता आणि कृष्णवर्णीयांची शिबिरे बहुधा वेगळी असत. १९४२ मध्ये दल बंद झाले. परंतु पट्टापेर शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडली. भूगोलज्ञ स्टॅन्ली ट्रिंबल यांच्या १९९९ मधील अभ्यासानुसार, १९७५–९३ या काळात खोऱ्यात गाळ साचण्याचे प्रमाण १९३० नंतरच्या दशकातील प्रमाणाच्या सु. ६ टक्क्यांवर आले होते. शिबिराचे श्रम अल्पकालीन होते. त्यांचे फळ टिकले ते शेतकऱ्यांनी ती पद्धत आपली मानल्यामुळे.