खुरप्याची मूठ आणि बाईची कंबर

शेतमजूर बाईची कंबर धरली की अंगात ताकद नाही, असं सहज म्हटलं जातं. परभणी जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास पाहिला तर हे निदान उलटं वाटतं. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली. सेलू, मानवत, परभणीच्या काळ्या रानातल्या कापसाला लांबची बाजारपेठ मिळाली. कापूस वाढला तसं त्यामागचं वाकणंही वाढलं, पण ते सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं नाही. दोन ओळींमधलं तण बैलांच्या कोळप्यानं निघतं आणि कोळपं पुरुष हाकतो, चालत, उभ्यानं. रोपाच्या बुडाशी उरलेलं तण मात्र आखूड मुठीच्या खुरप्यानं काढायचं, ते बाईनं, उकिडवं बसून नाहीतर कमरेत वाकून. वेचणीला तर कमरेची ओटी भरत जाते आणि तिचा भार पुढं ओढतो. एवढं करून तिची मजुरी पुरुषापेक्षा कमी.

माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू जवळजवळ शांत होतात आणि भार मणक्याच्या अस्थिबंधांवर जातो, हे फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५० च्या दशकात दाखवलं. म्हणजे दिवसभर वाकूनही पाठ बळकट होईलच असं नाही. पुढं १९९४ मध्ये ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांना ऑस्ट्रेलियात आढळलं की नव्यानं कंबर दुखू लागलेल्या रुग्णांत मणक्यालगतचा मल्टिफिडस स्नायू दुखऱ्या बाजूला बारीक झालेला असतो. दुखणं थांबल्यावरही तो आपोआप भरून येत नाही, हे त्यांनी १९९६ मध्ये मांडलं. त्यामुळं दुखऱ्या पाठीतला बारीक स्नायू पाहून दुखण्याचं मूळ सापडलं असं म्हणता येत नाही, तो दुखण्यामागून आलेला असू शकतो. यावर कुणी डेन्मार्कच्या बिअरिंग-सोरेन्सन यांच्या १९८४ च्या अभ्यासाचा दाखला देईल: पाठ जास्त वेळ ताठ धरू शकणाऱ्यांना पहिलं दुखणं कमी आलं. खरं आहे, आणि व्यायामाचा उपयोगही नाकारायचा नाही. पण हा संबंध तिथं पुरुषांतच दिसला. शिवाय व्यायाम सांगून बाईला पुन्हा त्याच खुरप्याशी बसवलं, तर कारण जिथल्या तिथं राहतं.

म्हणून आखूड खुरप्याऐवजी लांब दांड्याचं अवजार हवं. त्यानं रोपालगतचं तण नीट निघणार नाही, ही अडचण मात्र खरी आहे. कॅलिफोर्नियातले बागायतदारही आखूड दांड्याच्या कुदळीसाठी हेच सांगत होते. तरी १९७५ मध्ये मजुरांच्या पाठीचं नुकसान पाहून ती कुदळ तिथं बंद झाली, आणि भाजीपाल्याची शेती लांब दांड्यावर चालूच राहिली. कापसाची ओळ तर भाजीच्या वाफ्याहून मोकळी असते. परभणीत १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ आलं, त्याच्या गृहविज्ञान शाखेनं शेतकरी महिलांचे कष्ट हा संशोधनाचा विषय केला. तेव्हा ज्ञान जिल्ह्यातच आहे. अडतं ते अवजार विकत घेण्यापाशी: खुरपं स्वस्त मिळतं, दांड्याच्या अवजाराला पैसे पडतात, आणि ते पैसे मोजायचे की नाही हे बहुधा ते हातात धरणारी बाई ठरवत नाही.