मागे बघायचं कोणी? : गाडीच्या आरशाची कुळकथा

अरुंद बोळात मालट्रक मागे घ्यायचा असला की डावीकडचं दार उघडतं. क्लीनर अर्धं अंग बाहेर काढतो आणि पत्र्यावर थापा मारत ओरडू लागतो, "येऊ दे, येऊ दे... डावीकडं काट... बास!" एसटीच्या स्टँडवर कंडक्टर खाली उतरून बसच्या मागे उभा राहतो आणि हेच काम करतो. चालवणाऱ्याच्या पाठीला डोळे नसतात, म्हणून दुसऱ्याचे उसने घ्यायचे. ही रीत मोटारीइतकीच जुनी आहे. आज गाडीत दिसणारे तीन आरसे त्या उसन्या डोळ्यांचे वारस आहेत, आणि त्यांची कुळकथा शोधत मागे गेलं की अमेरिकेतल्या एका शर्यतीत पुन्हा क्लीनरच भेटतो.

आधी शब्दाकडे बघू. 'आरसा' हा संस्कृत 'आदर्श'चा नातू. प्राकृतात झिजत झिजत तो आपल्यापर्यंत आला. आदर्श म्हणजे मुळात ज्यात पाहायचं ती वस्तू. ज्याच्याकडे पाहून वागावं तो माणूस, हा अर्थ नंतर चिकटला. मग वाटण्या झाल्या : आरसा भिंतीवर राहिला आणि आदर्श भाषणात गेला. दोघांच्याही मुळाशी पाहणं आहे, आणि हजारो वर्षं आरशात पाहणं म्हणजे स्वतःला पाहणं हेच होतं. मोटारीने ही दिशा फिरवली. गाडीतल्या आरशात स्वतःचं तोंड दिसत असेल, तर तो चुकीचा लावला आहे असं समजावं.

टांगेवाल्याला मागचं पाहायला आरशाची फारशी गरज पडत नसे. मागून येणाऱ्या घोड्याच्या टापा आणि चाकांचा खडखडाट कानांना पुरेसा होता. शिवाय मोठ्या बग्गीला मागे नोकराने बसायची एक जागा असे. तिला इंग्रजीत डिकी म्हणत. सुरुवातीच्या मोटारींनाही मागे असं उघडमीट आसन असायचं. आसन गेलं, कप्पा राहिला, आणि आपण आजही त्यात बॅगा टाकताना 'डिकी उघड' म्हणतो. मागे बसणारा माणूस गेला तरी त्याच्या बसायच्या जागेचं नाव मराठीत टिकून आहे.

इंजिन आलं तेव्हा कान निकामी झाले. स्वतःच्याच गाडीचा आवाज इतका, की मागच्या गाडीचा कुठून ऐकू येणार? ही अडचण नेमकी ओळखून तिच्यावर लेखी उपाय सांगितला तो डोरोथी लेव्हिट या इंग्रज बाईने. ती हौसेखातर मोटारीत बसून मिरवणाऱ्यांपैकी नव्हती. १९०६ साली ब्लॅकपूलला तिने ताशी सुमारे १४६ किलोमीटर वेगाने गाडी पळवून बायकांमधला जागतिक विक्रम केला होता. १९०९ मध्ये तिचं 'द वुमन अँड द कार' हे पुस्तक निघालं. गाडी स्वतः चालवू पाहणाऱ्या बायकांसाठी लिहिलेलं ते साधं, कामाचं पुस्तक आहे. सीटखालच्या छोट्या खणात काय काय ठेवावं याची तिने यादी दिली आहे : हातमोजे, रुमाल, केसांच्या पिना, थोडी चॉकलेटं आणि मुठीचा एक हातआरसा. निघण्याआधी हा आरसा खणातून काढून हाताशी ठेवावा, असं ती सांगते. तो तोंड बघायला नाही, तर अधूनमधून उंच धरून मागून काय येतंय ते पाहायला.

शृंगारपेटीतली वस्तू वाहनाचं अवजार झाली ती इथे. तिचा आरसा गाडीला जोडलेला नव्हता. तो हातात घ्यावा लागे, उचलावा लागे, त्यात मुद्दाम बघावं लागे. ही गैरसोय होती खरी, पण तिचा एक गुण होता, तो पुढे कळेल.

दोनच वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, अमेरिकेत इंडियानापोलिसला पाचशे मैलांची पहिली मोठी शर्यत झाली. चाळीस गाड्या उभ्या राहिल्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे. तेलाचा दाब बघायचा, टायर बघायचे आणि मान वळवून मागून कोण येतंय ते ओरडून सांगायचं, अशी त्याची कामं. थोडक्यात, शर्यतीतला क्लीनर. चाळिसांपैकी एकाच गाडीत तो नव्हता. रे हॅरून हा स्वतः इंजिनियर. त्याने मार्मन कंपनीची पिवळी, मागे निमुळती होत गेलेली 'वास्प' म्हणजे गांधीलमाशी एकट्यापुरतीच बांधली होती. एक माणूस कमी म्हणजे वजन कमी आणि हवेचा विरोधही कमी.

बाकीच्यांनी तक्रार केली, की याला मागचं दिसणार नाही, हा सगळ्यांना धोका आहे. हॅरूनने स्टिअरिंगच्या पुढे चार दांड्यांवर सुमारे आठ इंच लांब आणि तीन इंच उंच आरसा बसवला. ही कल्पना आपण १९०४ साली शिकागोत एका घोडागाडीवर पाहिली होती, असं तो पुढे सांगत असे. म्हणजे मोटारीच्या आरशाची मावशी घोडागाडीच निघाली.

आरसा बघून आयोजकांचं समाधान झालं. हॅरूनने थोडे फेरे बदली चालकाच्या हाती दिले, पण शेवटी सहा तास बेचाळीस मिनिटांत, ताशी सरासरी सुमारे १२० किलोमीटर वेगाने, शर्यत जिंकली. ती गाडी आजही इंडियानापोलिसच्या संग्रहालयात आहे, आणि गाडीला जोडलेला पहिला आरसा म्हणून इतिहासात त्याच तुकड्याचं नाव घेतलं जातं. या गोष्टीची शेपटी मात्र क्वचितच सांगितली जाते. ती धावपट्टी विटांची होती, लाखो विटा बसवलेल्या. पुढे हॅरूननेच कबूल केलं, की त्या विटांवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीच दिसत नव्हतं.

मोटारीचा पहिला प्रसिद्ध आरसा बघण्यासाठी नव्हता, तक्रार मिटवण्यासाठी होता. लेव्हिटबाईंचा आरसा गाडीला जोडलेला नव्हता, पण त्यात दिसत होतं. हॅरूनचा पक्का जोडलेला होता, पण त्यात दिसत नव्हतं. आरसा असणं आणि आरशात बघणं या दोन गोष्टी जन्मापासूनच वेगळ्या आहेत, आणि पुढच्या शंभर वर्षांची कथा बरीचशी या फटीतच घडली आहे.

दुकानात आरसा आणला एल्मर बर्गरने, १९२१ च्या सुमारास. त्याने मालाला नाव दिलं 'कॉप-स्पॉटर', म्हणजे पोलीस-हेर. मागून मोटारसायकलवर येणारा पोलीस वेळेत दिसावा, हे त्याचं गिऱ्हाइकाला आमिष! सुरक्षिततेच्या नावाने विकलं असतं तर किती खपलं असतं, कोण जाणे. कायद्याची सक्ती बऱ्याच उशिरा आली. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना आतला आणि चालकाच्या बाजूचा बाहेरचा आरसा बंधनकारक झाला.

बाहेरचा आरसा नेमका कुठे लावायचा, यावरही देशोदेशी मतभेद होते. जपानने तो बराच काळ दारावर येऊ दिला नाही, पुढच्या चाकांवरच्या पत्र्यावरच ठेवला. तिथे तो असला की नजर रस्त्यावरून फारशी हलवावी लागत नाही. १९८३ मध्ये दारावरच्या आरशाला परवानगी मिळाली, तरी तिथल्या टॅक्सींनी जुनी जागा पुढे कितीतरी वर्षं सोडली नाही.

आपल्याकडे वाद जागेचा नव्हता, संख्येचा होता. उजव्या दाराला एक आरसा आहे ना, मग डावीकडे कशाला? कित्येक लहान गाड्यांच्या स्वस्त मॉडेलला डावा आरसा मिळतच नसे. २००९ साली टाटा नॅनो आली तेव्हा तिच्या मूळ मॉडेललाही एकच आरसा होता. किंमत कमी ठेवण्यासाठी जिथे जिथे काटछाट झाली, त्यात हाही गेला. आणि डावा आरसा आला तेव्हा आपण तो मिटून ठेवायला शिकलो, कारण उघडा ठेवला तर रिक्षा घासून जाते. मोटारसायकलचे आरसे तर दिसायला बरे नाहीत म्हणून नवी गाडी घरी आणल्या आणल्याच काढणारे आहेत.

मग मागचं कळायचं कसं? कानाने. ट्रकच्या पाठीवर लिहिलेलं 'हॉर्न ओके प्लीज' हा या व्यवस्थेचा जाहीरनामाच होता : मी बघणार नाही, तू वाजव. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने हा मजकूर लिहायला बंदी घातली, कारण त्याने हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. टांग्याच्या काळात कान करत होते ते काम आपण इंजिनाच्या काळातही कानावरच ठेवलं, आणि त्याची किंमत सगळ्या शहराचे कान मोजताहेत.

काचेची कारागिरी मात्र या काळात बरीच पुढे गेली. बाहेरचा आरसा किंचित फुगीर केला की त्यात जास्त रस्ता मावतो, पण प्रत्येक वस्तू लहान दिसते. मेंदू आकारावरून अंतर ठरवतो, म्हणून लहान दिसणारा ट्रक त्याला लांब वाटतो. अमेरिकेत चालकाच्या पलीकडच्या बाजूच्या फुगीर आरशावर 'दिसतात त्यापेक्षा वस्तू जवळ आहेत' अशा अर्थाची सूचना कोरावी लागते ती यासाठी. ती आपल्याकडच्या गाड्यांवरही आली, आणि वाचणारे तिला सुविचार समजून पुढे जातात.

आतल्या आरशाखाली एक छोटी जीभ असते. ती कशासाठी, हे विचारलं तर बरेच जण 'आरसा हलवायला' असं सांगतील. ही काच पाचरीसारखी असते, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. तिची पुढची आणि मागची बाजू समांतर नसते. दिवसा आपण मागच्या चांदीच्या मुलाम्यावरून आलेलं प्रतिबिंब बघतो, ते लख्ख असतं. जीभ ओढली की चांदीवरचा उजेड छताकडे जातो आणि आपल्याला दिसतो तो पुढच्या नुसत्या काचेवरून परतलेला, जेमतेम चार टक्के. मागचा ट्रक अप्पर मारत आला तरी त्याचे दिवे काजव्यांसारखे होतात. ना वायर, ना बॅटरी. महामार्गावर रात्रभर डोळे चोळणाऱ्या कितीजणांच्या कपाळासमोरच हा उपाय लटकत असतो! १९८७ पासून अमेरिकेतल्या जेंटेक्स कंपनीने दोन काचांमधल्या जेलला वीज देऊन आपोआप काळवंडणारे आरसे विकायला आणले.

मग कॅमेरा. १९५६ च्या ब्युइक सेंच्युरियन या प्रदर्शनातल्या गाडीत आरशाऐवजी मागे टीव्ही कॅमेरा आणि पुढे पडदा होता. मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत दारावरच्या आरशांची जागा कॅमेऱ्यांनी घेतली ती २०१८ मध्ये जपानमध्ये, लेक्ससच्या एका मॉडेलमध्ये. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. त्याआधी रिव्हर्स टाकला की गाडी देशभक्तीपर गाण्याची धून वाजवायची, म्हणजे मागच्यांनीच बाजूला व्हायचं. आता ती आपल्याला 'पीं पीं' करून सांगते. क्लीनरची थाप आणि सेन्सरची पीं, काम तेच.

इतकी साधनं झाली तरी बाजूची गाडी अचानक उगवल्यासारखी का वाटते? याचा उलगडा जॉर्ज प्लॅट्झर या अभियंत्याने १९९५ च्या एका शोधनिबंधात भूमितीने केला. बहुतेक लोक बाहेरचे आरसे असे लावतात की त्यात आपल्याच गाडीची बाजू ऐसपैस दिसावी. त्यामुळे तिन्ही आरसे जवळपास तोच रस्ता दाखवतात आणि शेजारची पट्टी कोणाच्याच वाट्याला येत नाही.

त्याची पद्धत आपल्या उजव्या स्टिअरिंगला लावली तर अशी होते. आधी सीट आणि पाठ जागेवर आणा, कारण सीट हलली की सगळे आरसे चुकतात. आतल्या आरशात मान न हलवता मागची पूर्ण काच दिसली पाहिजे. मग डोकं उजव्या खिडकीच्या काचेला टेकवा आणि उजवा आरसा इतका बाहेर वळवा की गाडीची बाजू नुसती कड म्हणून दिसेल. डाव्या आरशासाठी डोकं गाडीच्या मधोमध न्या आणि तेच करा. हळू वळवा, कारण आरसा एक अंश फिरला की नजर दोन अंश फिरते. सरळ बसलात की आपली गाडी आरशात दिसेनाशी होते. सुरुवातीला हरवल्यासारखं वाटतं. पण आपली गाडी कुठे आहे हे आपल्याला ठाऊकच असतं. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही, शेजारून येणाऱ्या दुचाकीला लागतो.

एवढं करूनही थोडी जागा आंधळी राहतेच, आणि पट्टी बदलण्याआधी मान वळवून खांद्यावरून बघणं काही चुकत नाही. लेव्हिटबाईंच्या हातआरशाचा गुण तो हाच होता : उचलल्याशिवाय तो काही दाखवत नसे, म्हणून बघणं विसरता येत नसे. आजचे आरसे जागेवर असतात, आणि ते जागेवर आहेत एवढ्यावरच आपलं समाधान होतं, इंडियानापोलिसच्या आयोजकांसारखं.

उद्या गाडी काढण्याआधी अर्धं मिनिट द्या. डावा आरसा मिटलेला असेल, तर तो उघडा.