रॅक वाचताना

पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. तेव्हा सगळी चर्चा वेगाची होती. २०१९ मध्ये पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म आला. गणित वेगानं होऊ लागलं तशी उत्तरं ठेवायला जागाही जास्त लागू लागली. ती जागा म्हणजे साठवणीचं रॅक. आज आपण तेच वाचू.

रॅकची १९ इंची रुंदी जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून चालत आलेली. उंची मोजायची 'यू'मध्ये. १ यू म्हणजे पावणेदोन इंच. समोर खणांमध्ये बसवलेल्या, बारीक दिवे असलेल्या, त्या डिस्क. मागे गेलो की बहुधा दोन पॉवर सप्लाय, पंखे, आणि डेटाच्या केबल जिथे शिरतात ते दोन कंट्रोलर. दोन कशाला? एक बंद पडला तरी काम थांबू नये म्हणून.

डिस्कचंही तसंच. गटातली एक गेली तरी उरलेल्यांवरून माहिती पुन्हा उभी करता येते. पण फक्त एकच डिस्क गेलेली सोसणारा गट असेल आणि आपण घाईत शेजारची चांगली डिस्क ओढली, तर सगळा गट कोसळतो. म्हणून आधी दिवा बघायचा, खणाचा क्रमांक बघायचा, सिरियल नंबर पडद्यावरच्या नोंदीशी ताडायचा. मगच हात घालायचा.

आपल्या पुण्याला हे नवं नाही. पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत. रुमालावरची चिठ्ठी हरवली की आतला कागद असून नसल्यासारखाच!