क्ष-किरण तंत्रज्ञ : शब्द, शिक्षण आणि भोर-वेल्ह्याचा प्रदेश

व्हिल्हेल्म रंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात जो किरण शोधला, त्यास त्याने बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर दिले. मराठीनेही आपल्या बीजगणितातील 'क्ष' उचलून 'क्ष-किरण' हा शब्द घडविला, आणि पुढे शासकीय पदनामांत 'क्ष-किरण तंत्रज्ञ' रूढ झाला. भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्यातील बोलण्यात मात्र 'छातीचा फोटो काढला' हाच प्रयोग सहज येतो. प्रयोग निरुपद्रवी दिसतो. पण तंत्रज्ञ म्हणजे एक प्रकारचा छायाचित्रकार, व ही विद्या कोणाच्याही हाताखाली राहून साधते, ही समजूत त्यात दडलेली आहे.

फिल्मच्या काळी ही समजूत अगदीच निराधार नव्हती. किलोव्होल्ट, मिलिअँपिअर आणि वेळ यांचा मेळ चुकला, की फिल्म काळीकुट्ट अथवा फिकट येई. डेव्हलपर थंड असला किंवा हायपोत फिल्म पुरेशी राहिली नाही, तर तेही लपत नसे. डार्करूमच्या तांबड्या दिव्याखाली शिकाऊ उमेदवारास आपली चूक डोळ्यांनी दिसे, आणि चूकच त्याची गुरू होई.

अंकीय तंत्राने हा गुरू हिरावून घेतला. संगणक प्रतिमेची छटा आपोआप सावरतो. किरणांची मात्रा कमी पडली तर प्रतिमा कणीदार होते. अधिक झाली तर मात्र ती पुष्कळदा अधिकच स्वच्छ दिसते, आणि जास्तीची मात्रा रुग्णाच्या देहात जाते. चांगल्या चित्राच्या मोहाने मात्रा नकळत वाढत राहते. यंत्र सोपे झाले म्हणून शिक्षण कमी चालेल, हा युक्तिवाद म्हणूनच उलटा आहे. २००४ चे किरणोत्सार-संरक्षण नियम आणि संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीचा २०२१ चा केंद्रीय कायदा यांचे महत्त्व येथे आहे. दुसऱ्याने या व्यवसायाच्या शिक्षणास व नोंदणीस राष्ट्रीय चौकट दिली.

भोर संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. (आरोग्यव्यवस्थेचा १९४६ चा प्रसिद्ध अहवाल ज्या भोर समितीचा, तिचा या गावाशी संबंध नाही, ते अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचे आडनाव.) आज भोरला उपजिल्हा रुग्णालय व वेल्ह्यास ग्रामीण रुग्णालय आहे. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. येथील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यास हे शिक्षण घ्यावयाचे तर पुण्याची वाट धरावी लागते. आणि सीटी, एमआरआय यांची मोठी दालनेही पुण्यातच असल्याने शिकलेला माणूस तेथेच रमला, तर त्यास दोष देता येणार नाही. सोनोग्राफीचा मार्गही त्यास मोकळा नाही : १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या चौकटीत ते काम पात्र वैद्यांकडेच राहते.

ज्या रुग्णालयात हे पद एकच असते, तेथे ते रिकामे राहिले म्हणजे यंत्र झाकून ठेवावे लागते, अथवा अर्धशिक्षित हाती सोपवावे लागते. पहिल्या प्रसंगी वेल्ह्याकडील मोडलेल्या हाताचा रुग्ण पाबे घाटाने किंवा नसरापूरमार्गे पुण्यास जातो. दुसऱ्या प्रसंगी त्याचा 'फोटो' गावातच निघतो, स्वच्छही निघतो. किती मात्रेत निघाला, हे पाहणारे तेथे कोणी नसते.